गोल्फचा पहिला सेट कॅव्हिटी बॅकचाच घ्या
नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांना 'सुरुवातीपासून ब्लेडच (सपाट पाठीच्या, पातळ लोखंडी काठ्या) वापरा, हात लवकर बसतो' असा सल्ला एका लेखात वाचला, तो मला पटला नाही. आमच्या नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की लोकांना क्रिकेटचं मैदान आठवतं. गोल्फ शिकणारे मोजकेच, ते हिरमुसून सोडू नयेत असं फार वाटतं. कॅव्हिटी बॅकमध्ये, म्हणजे पाठीत खोलगट भाग असलेल्या काठीत, वजन कडेला सरकवलेलं असतं, त्यामुळे फटका मधोमध बसला नाही तरी काठीचं तोंड कमी वळतं आणि चेंडू फारसा आखूड पडत नाही. गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनीयरने हेच तर रुजवलं! या काठीचा रुंद तळ पावसाळ्यातल्या ओल्या मातीत कमी रुततो, हेही महत्त्वाचं. ३ आणि ४ नंबरच्या लोखंडी काठ्यांऐवजी हायब्रिड (लोखंडी आणि 'वुड' काठीचा मेळ) घ्या. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) एक आकडी झाला, चेंडू मुद्दाम वळवता यायला लागला, की मग ब्लेड हातात घ्या.