कर्नल, कावळा आणि केबल

चांगलं चाललेलं मशीन मला बघवत नाही. 'अपडेट उपलब्ध' दिसलं की हात शिवशिवतात. रविवारी सकाळी लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा, घातला, रीस्टार्ट मारला आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या: 'एक्सेप्शन… फ्रोझन… हार्ड रीसेटिंग लिंक.' 'फ्रोझन' वाचून आधी मीच गार पडलो.

"फोटो आहेत ना सगळे?" आतून बायकोचा आवाज.

"बॅकअप आहे की!" मी म्हणालो. होताच. त्याच डिस्कवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये.

डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, उघडून बसलो. डिस्क आणि मदरबोर्ड यांची वेगाची बोलणी आधी सेकंदाला ६ गिगाबिटवर ठरायची, फिसकटायची. मग ३ वर, शेवटी दीडवर. उलटा लिलावच. कर्नलला चार शिव्या हासडल्या आणि इलाज शोधला. डिस्क एका वेळी ३२ आज्ञा घेऊन त्यांचा क्रम आपल्या सोयीने लावते. ते एनसीक्यू बंद करायचं, म्हणजे तिला एका वेळी एकच काम सांगायचं. (हा नियम मी घरात स्वतःसाठी कधीपासून मागतोय.) बूटच्या ओळीत 'नोएनसीक्यू' लिहिलं. एरर तशाच.

मग ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूतून, जुना कर्नल निवडला. आता बघा म्हटलं, कसा गुण्यागोविंदाने चालतो! तिथेही त्याच ओळी, शब्दाला शब्द. माझा आरोपी डोळ्यांदेखत निर्दोष सुटला.

राहिली डिस्क. डिस्कची तब्येत नंबरवार सांगणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवताना पेशंटचा रिपोर्ट उघडावा तशी छाती धडधडत होती. ५ नंबर, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर: शून्य. १९७, बदलायच्या रांगेतले: शून्य. डिस्क ठणठणीत. पण १९९ समोर २१४, आणि परत बघेपर्यंत २१९. हा आकडा सीआरसी चुकांचा, म्हणजे पाठवलेली माहिती पोचल्यावर पडताळणीत न जुळल्याचा. माहिती डिस्कवर धड असते, वाटेत बिघडते. आणि वाट म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी सॅटा केबल.

जर्नल, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, मागे सरकवलं. पहिली एरर शनिवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांची. कर्नल तेव्हा यायचा होता. शनिवारी रात्री १० वाजता कोण बरं कॅबिनेट उघडून, ब्रश घेऊन, मोठ्या कौतुकाने धूळ झाडत होतं?

झाकण काढलं. लाल केबल डिस्कच्या तोंडाशी तिरकी लोंबत होती. अंगठ्याने दाबली. 'टक्'. बस, एवढंच. कावळा रविवारी बसला, फांदी मी शनिवारीच मोडून ठेवली होती.

लिंक पुन्हा ६ वर आली, ओळी थांबल्या. १९९ चा आकडा मात्र कमी होत नसतो. २४७ वर थांबलाय. डिस्क जिवंत असेपर्यंत माझ्या नावाने तिथेच राहणार.

"काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"कर्नल," मी म्हणालो.