गोल चट्टा दिसेलच असं नाही
‘कडा लाल, मधली त्वचा साफ, असा गोल चट्टा म्हणजे गजकर्ण’ हे गजकर्ण (त्वचेला होणारा बुरशीचा संसर्ग) कसं ओळखायचं यावरच्या लेखातलं वाक्य खरं आहे, पण ज्याने अजून काहीच लावलेलं नाही त्याच्यापुरतं. आपल्याकडे असा माणूस सापडणं कठीण. आधी मेडिकलमधली ट्यूब, मग डॉक्टर.

माझंच सांगते. परकराच्या नाडीखाली रुपयाएवढा चट्टा उठला. दुकानदाराने दिलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज गेली, मी खूश. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. त्याने लाली दबते, बुरशी मात्र आरामात पसरत राहते. महिन्याभरात कंबरभर पुरळ, गोल कडा कुठेच नाही. एका डॉक्टरांनी तर इसब समजून आणखी कडक स्टेरॉइड दिलं! शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ब्लेडने कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. या साध्या तपासणीचा लेखात उल्लेखच नाही. आणि हो, घरातल्या बाकीच्यांनाही विचारा. माझ्या मुलाच्या जांघेत तेच निघालं, टॉवेल एकच होता. पठ्ठ्या लाजून बोलला नव्हता.