हर्न अंगात येतो तेव्हा

इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या तटाखाली रॉबिन हूडचा, म्हणजे श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या दंतकथेतल्या बंडखोराचा, ब्राँझचा पुतळा आहे, १९५२ साली बसवलेला. धनुष्य ताणलेलं, नेम धरलेला, फक्त बाणाचा भरवसा नाही. तो पुन्हा पुन्हा चोरीला गेलाय. मी या गावात नवा आलो तेव्हाही स्वारी बाणाशिवायच नेम धरून उभी होती आणि पायथ्याशी दोन पोरं चिप्स खात बसली होती. मला वाटलं, आपल्याकडे असं झालं असतं तर दुपारपर्यंत बाजारपेठ बंद.

ही तुलना मी पुढे बरीच वर्षं मिरवली. २०२५च्या जानेवारीत 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, गदारोळ झाला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकलं. तेव्हा पुण्याच्या मेव्हण्याला फोनवर मी लेक्चरच दिलं. म्हटलं, इथे बघ, रॉबिनचं कुणीही काहीही करतं. तो म्हणाला, "दाजी, तिकडे बसून तुम्हाला नाही कळायचं." मला राग आला. आता वाटतं, निम्मं तरी तो बरोबर बोलला.

माझ्या लेक्चरला दारूगोळा पुरवला तो शेजारच्या म्हाताऱ्याने. त्याने मला 'रॉबिन ऑफ शेरवूड'च्या डीव्हीडी दिल्या. शेरवूड म्हणजे इथलं रॉबिनचं जंगल. १९८४ ते ८६ या काळात शनिवारी संध्याकाळी आयटीव्हीवर लागायची ही मालिका. लेखक रिचर्ड कार्पेंटर. धुकं, क्लॅनड या आयरिश बँडचं संगीत, अल्बियन नावाची मंतरलेली तलवार आणि जंगलातला देव हर्न. हा हर्न मुळात शेरवूडचा नाहीच. तो विंडसरच्या जंगलातलं भूत, शेक्सपियरच्या नाटकातून ठाऊक झालेलं. कार्पेंटरने ते उचलून इथे आणून बसवलं. चित्रीकरणही इथलं नाही, ब्रिस्टल-सॉमरसेटकडचं.

पण काय बसवलंय! एक साधा माणूस हरणाचं शिंगांचं मुंडकं डोक्यावर चढवतो आणि त्याच्या तोंडून देव बोलू लागतो. मुंडकं उतरलं की पुन्हा थकलेला म्हातारा. शेजारी मला "शामन" वगैरे समजावत होता. मी म्हटलं, राहू दे, आमच्याकडे याला अंगात येणं म्हणतात. आजोळी एक गृहस्थ पौर्णिमेला घुमायचे. कपाळभर भंडारा, आवाज बदललेला, मोठमोठी माणसं हात जोडून उभी. देव गेला की ते आधी पाणी मागायचे आणि मग हळूच विचारायचे, "काय बोललो?" हर्नचे डोळे पाहिले की मला तेच गृहस्थ आठवतात.

कार्पेंटरची दुसरी करामत म्हणजे नासिर. दोन तलवारी चालवणारा, जेमतेम बोलणारा सॅरासन, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या भाषेत अरब मुसलमान. पहिल्याच कथेत मरायचा होता, पण सगळ्यांना इतका आवडला की टोळीत ठेवून घेतला. पुढे रॉबिनवरच्याच १९९१च्या हॉलिवूडपटाच्या लेखकांना वाटलं, सॅरासन साथीदार हा जुन्या दंतकथेतलाच भाग. त्यांनी आपल्या पात्राचं नावही नासिरच ठेवलं होतं. तो कार्पेंटरच्या डोक्यातून आलाय हे कळल्यावर घाईने अझीम केलं. त्यानंतर बीबीसीच्या २००६च्या रॉबिनलाही सॅरासन साथीदार मिळालाच. सहा शतकांहून जुन्या दंतकथेत एका लेखकाने पात्र घुसवलं आणि ते परंपरा होऊन बसलं. तसं तर रॉबिनची प्रेयसी मॅरियनही जुन्या पोवाड्यांत नव्हती. नंतर आली आणि राहिली.

इथवरचं सगळं मी मेव्हण्याला ऐकवलं होतं. एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली. या मालिकेवरही इथे तक्रारी झाल्या होत्या. टीव्हीवरच्या नीतिमत्तेसाठी आयुष्यभर भांडलेल्या मेरी व्हाइटहाउस या बाईंनी तिच्यातल्या हिंसेवर आणि धार्मिक गोष्टींवर आक्षेप घेतला होता. म्हणजे रॉबिनबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही, पण चर्चपर्यंत हात गेल्यावर बोच लागलीच. रॉबिनला वंशज नाहीत, जयंती नाही, मतदार नाहीत. तो होऊन गेला का, हेही सिद्ध नाही. त्याच्या बाबतीत उदार व्हायला पदरचं काय जातं?

तेव्हा रॉबिनशेजारी छत्रपतींना उभं करून इथली सहिष्णुता मोजणं ही माझी लबाडी होती. शेजारी उभा करायचा तर आपल्याकडचा रॉबिन हूड, तंट्या भिल्ल करावा. १८८९ साली त्याला जबलपूरला फाशी झाली, पण मध्य प्रदेशात पाताळपाणीला त्याच्या देवळापाशी आगगाडी थांबून पुढे जायची. तिथे चमत्कारांना आपणही आडकाठी करत नाही. कठीण आहे ते उमाजी नाईकांचं. बंडखोर तेही, पण इंग्रजांच्या दप्तरात नोंदलेले, १८३२ साली पुण्यात फासावर गेलेले, आणि आज त्यांच्या जयंतीला मिरवणुका निघतात. त्यांच्या हातात मंतरलेली तलवार दिली तर? मला चालेल, पण मी त्या मिरवणुकीत चालत नाही, नॉटिंगहॅममध्ये सोफ्यावर बसलोय.

दिवाळीत मेव्हणा इकडे आला तेव्हा पहिली कथा त्याला दाखवली. हर्न धुक्यातून आला तसा तो सावरून बसला, सवयीने हात जोडले गेले असते असं वाटलं. संपल्यावर एवढंच म्हणाला, "तो दोन तलवारीवाला ठेवला ते बरं केलं. पुढचा लावा."