ट्यूनिंग सुटत नाही
मोटरच्या प्रेडिक्टिव्ह कंट्रोलवरच्या (मॉडेलवरून पुढचा करंट आधीच काढून इन्व्हर्टरची स्थिती निवडायची पद्धत) लेखातलं ‘प्रेडिक्टिव्ह कंट्रोलला पीआयसारखं ट्यूनिंग लागत नाही’ हे वाक्य पटलं नाही. पीआय म्हणजे नेहमीचा कंट्रोलर, ज्याचे गुणांक हाताने जुळवावे, म्हणजे ट्यून करावे लागतात. ट्यूनिंग फक्त जागा बदलतं. कॉस्ट फंक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक पर्याय किती वाईट ते मोजणाऱ्या सूत्रात, टॉर्कला (फिरवणाऱ्या जोराला) किती वजन द्यायचं आणि फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) किती, हे ठरवण्यात माझे कित्येक दिवस गेलेत.

आणि गणनेला लागणाऱ्या वेळेचा उल्लेखच नाही! साध्या टू-लेव्हल इन्व्हर्टरच्या (डीसीपासून मोटरला एसी देणाऱ्या सर्किटच्या) स्विचांच्या 8 स्थिती तपासून निर्णय होईपर्यंत करंट पुढे सरकलेला असतो. सुरुवातीला मी हा उशीर धरलाच नव्हता. ऑसिलोस्कोपवर करंटची रेघ करवतीसारखी दातेरी, मोटर करकरतेय. मग आधी पुढच्या सॅम्पलचा करंट काढून त्याच्या पुढच्यासाठी स्थिती निवडायला लागलो, तेव्हा कुठे रिपल, म्हणजे करंटमधला हा चढउतार, उतरला. लोड वाढल्यावर मोटरच्या लोखंडाच्या चुंबकीय सॅच्युरेशनमुळे इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) घसरतो, तेही मॉडेलमध्ये घ्यावं लागतं.