"वीरपत्नीला सगळं आपोआप मिळतं" म्हणणारा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

चाळीसगाव, भडगाव, पारोळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जवानांच्या बायका आणि शहिदांच्या घरच्यांसाठी नोकरी-करिअरचा वेगळा कायदा करा ही मागणी फालतू आहे म्हणे, कारण वीरपत्नीला सरकारी नोकरी आपोआप लागते, पेट्रोल पंप मिळतो, पूर्ण पगाराएवढी पेन्शन येते, दुसरं लग्न केलं की सगळं बंद होतं म्हणून तिने गपचूप सासरी राहावं, आणि असा कायदा जगात कुठे नाहीच. खाली आपलीच माणसं लिहितात "तिले काय कमी शे". माझा भाऊ फौजेत आहे, वहिनी जीएनएम नर्स आहे, मला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी पेन्शन. पूर्ण पगाराएवढी पेन्शन ही लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, ती लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेलेल्या जवानाच्या घरी मिळते. ड्युटीमुळे झालेल्या अपघातात किंवा आजारात गेला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. आणि मृत्यूचा ड्युटीशी संबंध नाही असं ठरलं तर साधी, म्हणजे पहिली १० वर्षं ५० टक्के आणि नंतर ३०. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीराच्या घरी तर महिन्याची फॅमिली पेन्शनच नाही. ४८ लाखांचा विमा आहे, ड्युटीमुळे गेला तर वर ४४ लाख सानुग्रह, रक्कम मोठी वाटते खरी, पण बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला पुढची पन्नास वर्षं त्यावर काढायची आहेत आणि तेव्हा तिला शिक्षण आणि पगाराची नोकरीच लागणार ना?

नोकरी आपोआप लागते हे तर साफ खोटं. केंद्रात अनुकंपा नोकरी ग्रुप सीच्या, म्हणजे कारकुनासारख्या खालच्या पदांच्या, थेट भरतीच्या जागांपैकी फक्त ५ टक्क्यांपर्यंत देता येते, आणि अनुकंपा हा वारसाहक्क नाही हे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच उमेशकुमार नागपाल केसमध्ये सांगून ठेवलंय. सरकारी कंपन्यांमध्ये जे साडेचार टक्के आरक्षण आहे त्यात अपंग माजी सैनिक आणि शहिदांचे आश्रित असे सगळे एकत्र येतात. विधवेला केंद्रात ग्रुप सीसाठी वयाची सवलत ३५ पर्यंत, एससी-एसटीला ४०. आता जिचं बारावीनंतर लगेच लग्न झालं, पदरात दोन लेकरं, तिने शिकायचं कधी आणि परीक्षेला बसायचं कधी, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. पेट्रोल पंपाचं म्हणाल तर कोटा आहे, पण त्या जागेची जाहिरात निघावी लागते, अर्ज करावा लागतो, निवड व्हावी लागते, भांडवल लागतं. घरोघरी पंप वाटत नाहीत भो.

दुसऱ्या लग्नाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण या अर्धवट माहितीवर पोरींना घरात बसवतात. लिबरलाइज्ड पेन्शनमध्ये विधवा पुन्हा लग्न करूनही आधीच्या मुलांना सांभाळत असेल तर पेन्शन चालू राहते. मूल नसलेल्या विधवेचीही फॅमिली पेन्शन उत्पन्नाच्या अटीवर चालू राहते. शौर्यपदकाचा भत्ता पाहिजे तर दिराशीच लग्न करावं लागायचं, ती अटसुद्धा २०१७ ला काढली. तिने काय करायचं ते तिला ठरवू द्या, तिला नियमाची भीती घालू नका.

आणि ज्यांचे नवरे ठणठणीत ड्युटीवर आहेत त्यांचं काय? त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. वहिनीचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलचं, भावाची बदली पंजाबला झाली की तिथल्या कौन्सिलकडे परत कागद, एनओसी, फी, आणि ते हातात येईपर्यंत निम्मं पोस्टिंग संपतं. मग सीव्हीमध्ये गॅप, मग इंटरव्ह्यूत "मधली वर्षं काय केलं?" जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला सैनिकाची पत्नी म्हणून बदलीत संवर्ग एकमध्ये, म्हणजे आधी विचार होणाऱ्या गटात, प्राधान्य आहे, चांगलंच आहे, पण ते राज्यातल्या राज्यात, नवरा जम्मूला असेल तर धुळ्यातून शिरपूरला जाऊन काय होणार? आर्मी पब्लिक स्कूलला जागा निघतात, पण बऱ्याचदा तात्पुरत्या, आणि बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

जगात कुठेच नाही म्हणता, तर अमेरिकेत आहे. २००९ च्या कायद्याने नवऱ्याबरोबर राज्य बदललं तरी बायकोला टॅक्ससाठी आपलं मूळ राज्य ठेवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये सही झालेल्या कायद्याने सैनिकाच्या जोडीदाराचं व्यावसायिक लायसन्स दुसऱ्या राज्यात ठरावीक अटींवर चालतं. शहिदांच्या मुलांसाठीची फ्राय स्कॉलरशिप २०१४ च्या कायद्याने विधवांनाही लागू केली. तिथे सगळं गोड आहे असं नाही, ५५ वर्षांच्या आत पुन्हा लग्न केलं तर विधवेचा मासिक भत्ता तिथे बंद होतो. पण करिअर हा विषय कायद्यात आलाय.

आपल्याकडे काहीच नाही असंही मी म्हणत नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून विधवांना व्यवसाय प्रशिक्षणाला एकरकमी मदत मिळते, २०२३ मध्ये ती २० हजारांची ५० हजार केली, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, अर्ज भरा. पण हे सगळं योजना, जीआर आणि पत्रकांवर चाललंय, आदेश बदलला की सवलत बदलते. म्हणून कायदा पाहिजे: एका राज्याचं नर्सिंग रजिस्ट्रेशन बदलीच्या राज्यात लगेच चालावं, शिक्षिकेला नवऱ्याच्या पोस्टिंगच्या राज्यात सेवा ज्येष्ठता न गमावता जाता यावं, अग्निवीराच्या विधवेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, आणि विधवांची वयाची अट शिक्षणात गेलेली वर्षं धरून मोजावी.