कॉम्प्युटरला विश्रांती, आपल्याला हमाली: ‘वेग दुप्पट’वाल्या मेसेजचा समाचार

‘कॉम्प्युटरमधल्या या लपलेल्या सेटिंग बदला आणि दिवसाचं काम निम्म्या वेळात उरका’ अशा आशयाचा मजकूर कधी मेसेजमधून, कधी व्हिडिओतून सतत फिरत असतो. मुद्दे थोडेफार बदलतात, पण गाभा तोच राहतो: रॅम रिकामी ठेवा, सर्चचं इंडेक्सिंग बंद करा, सगळे कोअर ‘जागे’ करा, डीफ्रॅग चालवा, रजिस्ट्री धुऊन काढा, रोज शट डाऊन करा, अपडेट थांबवा, माउस सोडा आणि चार कामं एकदम हाका. हा मजकूर बहुतेक वेळा विंडोजला धरून असतो, म्हणून मीही उदाहरणं मुख्यतः तिथलीच घेतो.

माझा आक्षेप आधीच सांगून टाकतो. यातल्या बऱ्याच सूचना यंत्राचे कष्ट वाचवतात आणि ते वापरणाऱ्याच्या गळ्यात घालतात. सेकंदाला अब्जावधी क्रिया करणारा प्रोसेसर निवांत बसतो आणि आपण एक फाइल शोधत फोल्डरमागून फोल्डर उघडत राहतो. उरलेल्या सूचनांनी कुणाचेच कष्ट वाचत नाहीत.

‘रॅम जितकी रिकामी, तितका वेग जास्त’

टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा मेमरी-वापर दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडायचा, मेमरीचा ‘७० टक्के’ हा आकडा दाखवायचा आणि घाबरवायचं, ही या मेसेजची आवडती खेळी. पण रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, असते ती वापरण्यासाठीच. विंडोज व्हिस्टापासून (२००७) सुपरफेच नावाची एक सेवा आहे. आता तिचं नाव सिसमेन. तुम्ही नेहमी कोणते प्रोग्रॅम उघडता हे ती हेरते आणि त्यांचे भाग डिस्कवरून आधीच रॅममध्ये आणून ठेवते. ही साठवण ‘कॅश्ड’ म्हणून दिसते, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की लगेच सोडून दिली जाते. लिनक्सवर ‘फ्री’ ही कमांड चालवली की ‘फ्री’चा रकाना जवळपास कोरडा आणि ‘अव्हेलेबल’चा भरलेला दिसतो, तोही अशाच साठवणीमुळे. रॅम रिकामी करून देणारे ‘बूस्टर’ हा साठा हुसकावून लावतात. आलेख खाली येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं, आणि पुढचा प्रोग्रॅम उघडताना तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते.

रॅम खरोखर अपुरी पडते तेव्हा लक्षणं वेगळी असतात: खिडकी बदलताना यंत्र अडखळतं आणि डिस्कचा वापर उगाच वर जातो. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’च्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावावा आणि सगळ्यात वर बसलेला प्रोग्रॅम बंद करावा. तो बहुधा ब्राउझरच निघतो. आणि हो, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा ‘रिफ्रेश’ मारण्याचा विधी आहे ना, त्याने फक्त पडद्यावरची चिन्हं पुन्हा मांडली जातात. रॅमशी त्याचा काही संबंध नाही.

‘सर्च इंडेक्सिंग बंद करा, प्रोसेसरवरचा भार कमी होईल’

मला सगळ्यात जास्त खटकणारी सूचना हीच. इंडेक्सिंग म्हणजे फाइलींची नावं, तारखा आणि अनेक प्रकारच्या फाइलींमधला मजकूरसुद्धा आधीच वाचून त्याची सूची तयार ठेवणं. हे काम विंडोज पार्श्वभूमीवर करते आणि तुम्ही यंत्र वापरत असाल तेव्हा आपला वेग स्वतःहून कमी करते. नव्या यंत्रावर किंवा मोठ्या अपडेटनंतर काही काळ पंखा घुमतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी हा मेसेज वाचून सेवा बंद करून टाकतं.

मग होतं काय? स्टार्ट मेन्यूत फाइलचं नाव टाइप केलं तर ती येत नाही. फोल्डरमध्ये शोध घेतला तर हिरवी पट्टी रांगत राहते, कारण आता प्रत्येक फाइल त्या क्षणी उघडून बघावी लागते. शोध इतका संथ झाला की माणूस तो वापरणं सोडून देतो, आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ अशा फोल्डरांत हाताने उत्खनन सुरू होतं.

ऑपरेटिंग सिस्टीमकडून काम करून घ्यायचं असेल तर इथे नेमकं उलटं करायला हवं. विंडोजमधलं इंडेक्सिंग मूळ रूपात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढ्यापुरतंच असतं. तुमच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर असतील तर सर्चच्या सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ऐवजी ‘एन्हान्स्ड’ निवडा, किंवा फक्त कामाचं फोल्डर यादीत जोडा. त्यानंतर बहुतेक गोष्टींसाठी एकच सवय पुरते: विंडोजची कळ दाबायची आणि नावाची तीन-चार अक्षरं टाइप करायची. मॅकवर हेच काम स्पॉटलाइट २००५ पासून करतं. कमांड आणि स्पेसबार दाबला की झालं.

‘बूटच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा’

एमएसकॉन्फिग (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) उघडा, बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’मध्ये सगळ्यात मोठा आकडा निवडा, असं सांगतात. त्या चौकटीवर खूण नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वापरतेच. खूण केल्यावर तो आकडा मर्यादा बनतो, कारण ही सोय चाचणी घेणाऱ्यांसाठी आहे: कमी कोअरवर आपला प्रोग्रॅम कसा चालतो हे त्यांना बघायचं असतं. मोठा आकडा निवडला तर काहीच बदलत नाही आणि चुकून छोटा निवडला तर यंत्र लंगडं होतं. शेजारच्या ‘मॅक्झिमम मेमरी’च्या चौकटीलाही हात लावू नका.

‘दर आठवड्याला डीफ्रॅग, रजिस्ट्री क्लीनर आणि प्रीफेच फोल्डरची सफाई’

डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जवळ आणून ठेवणं, हा सल्ला एके काळी बरोबर होता. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (‘हेड’खाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. डोकं सरकवायला लागणारा वेळ वेगळाच. फाइलीचे तुकडे जितके विखुरलेले तितके हे हेलपाटे जास्त. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तुकडे जवळ आणून फारसं काही मिळत नाही. उलट त्यातल्या पेशी किती वेळा लिहिता येतील याला मर्यादा असते, आणि डीफ्रॅग म्हणजे भरपूर फेरलेखन. विंडोज ७ पासून (२००९) सिस्टीमला एसएसडी ओळखता येते. ‘ऑप्टिमाइझ’ केल्यावर ती मुख्यतः ट्रिमचे संदेश पाठवते, म्हणजे कोणत्या जागा आता मोकळ्या आहेत ते ड्राइव्हला कळवते. हे ठरलेल्या वेळी आपोआप होतं.

रजिस्ट्री क्लीनर ‘८०० चुका सापडल्या’ म्हणतो त्या बहुतेक काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांच्या उरलेल्या नोंदी असतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंगची नोंदवही, ही फांद्यांसारखी रचलेली असते. हवी ती नोंद शोधताना बाकीच्या सगळ्या वाचाव्या लागत नाहीत. त्या नोंदी काढून वेग वाढत नाही, भलतीच नोंद उडाली तर मात्र प्रोग्रॅम उघडेनासा होतो. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ज्यात नोंदी ठेवते ते प्रीफेच फोल्डर रिकामं केल्यावर विंडोज ते पुन्हा भरते, आणि तोवर प्रोग्रॅम उलट हळू उघडतात.

‘रोज रात्री शट डाऊन करा, सकाळी यंत्र ताजंतवानं’

विंडोज ८ पासून (२०१२) फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि बहुतेक यंत्रांवर ती आधीपासून चालू असते. शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टीमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू इथे ‘अप टाइम’ बघा. रोज न चुकता यंत्र बंद करणाऱ्यांच्या पडद्यावरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. गाभा खरोखर नव्याने सुरू होतो तो ‘रीस्टार्ट’ने.

थोडक्यात, या सल्ल्यात आपण गमावतो ते मांडलेलं काम, म्हणजे उघड्या खिडक्या, अर्धवट मजकूर, शोधून काढलेली पानं. आणि ज्या ताजेपणासाठी ते गमावलं तोही मिळत नाही. कामाच्या दिवसांत स्लीप वापरावं आणि काही बिनसलं किंवा अपडेट आलं की रीस्टार्ट करावं.

‘अपडेट कायमचे बंद करा’

भर कामात अपडेटने यंत्र ताब्यात घेतल्याचा राग मला समजतो, तो रास्तही आहे. पण १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरससारखं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा ते ज्या छिद्रातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. रागावर उपाय सेटिंगमध्येच आहे. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाचे तास भरले की त्या वेळेत यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही, आणि एखादी अंतिम मुदत जवळ असेल तर अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतात.

एवढं झोडपल्यावर न्यायाने सांगायला हवं की अशा मेसेजांत दोन सूचना बऱ्याचदा खऱ्या असतात. यंत्र सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन बंद करावेत, तिथे प्रत्येकापुढे त्याचा परिणाम किती हेही लिहिलेलं असतं. आणि खिडक्या उघडण्या-मिटण्याचं ॲनिमेशन बंद केलं तर यंत्राचा वेग वाढत नाही, पण प्रत्येक वेळी आपल्याला थांबावं लागणारा तो छोटासा क्षण जातो.

‘माउस सोडा, १०० शॉर्टकट पाठ करा’

इथे मामला मजेशीर आहे. ॲपलमध्ये इंटरफेसवर काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं की चाचण्यांमध्ये लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, स्टॉपवॉच मात्र माउसच्या बाजूने कौल देतं. त्यांचं म्हणणं असं, की कोणती कळ दाबायची हे आठवण्यात दोनेक सेकंद जातात आणि ते गेल्याचं माणसाला जाणवतच नाही. त्यांचा निष्कर्ष सरसकट मान्य करायची गरज नाही. कॉपी, पेस्ट, सेव्ह यांच्या कळा बोटांतच मुरलेल्या असतात, तिथे आठवण्याचा प्रश्नच येत नाही. पण १०० शॉर्टकटांची यादी भिंतीवर चिकटवणाऱ्याला त्यांचा इशारा नक्की लागू पडतो. महिन्यातून एकदा लागणारी कळ पाठ करण्यापेक्षा मेन्यूत जाणं बरं.

माझी निवड विचाराल तर दिवसातून दहादा लागणाऱ्याच कळा शिकाव्यात. विंडोज आणि व्ही हे मी पहिलं सांगेन. ही क्लिपबोर्डची हिस्टरी २०१८ पासून आहे, एकदा चालू करावी लागते आणि मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी धरून ठेवते. दोन फाइलींमध्ये ये-जा करत एकेक ओळ आणण्याची येरझार त्याने संपते. (कॉपी केलेला पासवर्डही त्यात राहू शकतो, म्हणून दुसऱ्यांसोबत वापरायच्या यंत्रावर ती बंद ठेवा.) विंडोज आणि डावा-उजवा बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. विंडोज आणि १, २, ३ ने टास्कबारवरचा त्या क्रमाचा प्रोग्रॅम उघडतो. विंडोज आणि स्पेसने टायपिंगची भाषा बदलते. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्याला याचा उपयोग सांगायला नको. एवढ्या मुरल्या की पुढच्या शिका.

‘जास्त खिडक्या, जास्त स्क्रीन, जास्त काम’

ऑपरेटिंग सिस्टीम शेकडो कामं एकाच वेळी चालवते, म्हणून माणसानेही तसं करावं, असा हा तर्क. प्रोसेसर एक काम सोडताना त्याची सगळी स्थिती टिपून ठेवतो आणि परत येताना जशीच्या तशी उचलतो. आपल्याला ते जमत नाही. सोफी लरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात दिसलं की अर्धवट काम सोडून दुसरं घेतलं तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात बिघडतं. एका स्क्रीनवर वाचून दुसरीवर लिहायचं असेल तर दोन स्क्रीन हव्यातच. दुसरी स्क्रीन दिवसभर चॅट उघडं ठेवायला असेल तर तिच्यामुळे कामच कमी होतं.

विंडोज १० पासून आभासी डेस्कटॉप आहेत. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप मिळतो. विंडोज, कंट्रोल आणि बाण यांनी एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. एकावर हिशेब, दुसऱ्यावर लेखन, तिसऱ्यावर मेल आणि चॅट अशी वाटणी केली की एक काम करताना दुसऱ्याच्या खिडक्या डोळ्यांसमोर येत नाहीत आणि काहीच बंदही करावं लागत नाही. विंडोज ११ मध्ये कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केल्यावर सूचनांची जी पट्टी उघडते, तिथेच ‘डू नॉट डिस्टर्ब’चं घंटेचं चिन्ह असतं. सेटिंगमधल्या ‘प्रायॉरिटी’च्या यादीत कॅलेंडर आणि कॉल एवढेच अपवाद ठेवावेत, बाकीच्या सूचना त्या पट्टीत साचत राहतात आणि हातातलं काम संपल्यावर एकदम वाचता येतात.