बाळ बघायला जाताय? डबा न्या

आज एका मैत्रिणीचं बाळ बघायला गेलो होतो. अकरावा दिवस. सिझेरियनचे टाके अजून दुखतायत, आणि ती आम्हा सात जणांसाठी ओट्याशी उभी राहून चहा गाळतेय! नवरा शेजारून खुर्च्या आणतोय. पलंगावर झबली-फ्रॉकांचा ढीग, सगळे शून्य ते तीन महिन्यांचे. बाळाला दोनदा घालून होईपर्यंत तोकडे. त्यातला एक फ्रॉक मीच नेलेला, म्हणून जास्तच चिडलोय.

आमच्या वेळी सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, आई गावी वडिलांच्या आजारपणात. मला चार दिवस सुट्टी, तीही शिल्लक रजेतून. (आईला 26 आठवड्यांची रजा देणारा बदल कायद्यात 2017 साली झाला. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात अजून काही नाही. असो.) पाचव्या दिवशी मी कामावर. दुपारी साडेबाराला खालच्या काकूंनी बेल वाजवली, कडीला पिशवी अडकवली आणि गेल्या. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मऊ भात, तूप, डबीत भाजलेल्या बाळंतशेपा. असं वीस दिवस. आत एकदाही आल्या नाहीत.

बाळंतविडा म्हणून झबल्या-टोपड्यांसोबत डिंक, खारीक, खोबरं, अळीव न्यायची रीत आपल्याचकडची ना? आपण त्यातलं फक्त झबलं ठेवलं. फोटोत छान दिसतं म्हणून.

हौस असते लोकांची, मान्य. स्वयंपाकाला सगळ्यांना वेळ नसतो, तेही मान्य. मग डायपर न्या, एक साइज मोठे. मालिशवाल्या मावशींचे आठवडाभराचे पैसे द्या. सिंकमधली भांडी घासा. बाळाला अर्धा तास सांभाळा, तिला डोक्यावरून अंघोळ करू दे. आणि कृपा करून मध चाटवू नका हो, वर्षाच्या आत बाळाला मध देत नाहीत!

काकूंना मी नंतर विचारलं होतं, बाळ बघायला का नाही आलात? म्हणाल्या, "मी आत आले असते तर तिला उठून बसावं लागलं असतं रे."

त्यांचा डबा परत करताना रिकामा कसा द्यायचा, म्हणून मी त्यात साखर घालून दिली होती. दुसरं काही सुचलंच नाही.

आत्ता अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातलेत. गूळ आणलाय, नारळ बायको खवून देणार आहे. उद्या लाडू घेऊन जातो. चिठ्ठीत लिहीन, ओल्या नारळाचे आहेत, लवकर संपव. बेल वाजवायची, पिशवी कडीला अडकवायची आणि जिन्याने खाली.